खोली क्रमांक दोनची भोगवटादार

आलूरगी, जि. लातूर
११ जानेवारी २०२५

वैजनाथा, शरणु.

पत्र बघून घाबरू नको, माझी तब्येत बरी आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मला आता नुसती घरघर ऐकू येते. शिवाय ही गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलण्यासारखी नाही. शिवकन्येला उदगीरला यातलं काही कळवू नको. पोरगी लगेच गाडी करून मला न्यायला येईल.

काल नगर परिषदेचा माणूस एक कागद देऊन गेला. आमचा मळा मागच्या वर्षी फेब्रुवारीत आलूरगीच्या हद्दीत घेतला, हे तुला माहीत आहे. निवडणूक झाली नाही म्हणून नगरसेवक नाहीत. प्रशासक साहेब एकटेच ठराव करतात आणि ठराव झाला की कचेरीच्या भिंतीला चिकटवतात. हद्दीत आलो म्हणून आता घरपट्टी लागणार. त्याचं मला काही नाही. ग्रामपंचायतीला देत होतो, यांना देईन. पण कागदावर काय लिहिलंय ते तुला जसंच्या तसं उतरवून पाठवतो.

‘खोली क्रमांक एक, दगडी, निवासी. भोगवटादार गुंडप्पा शिवलिंग बिडवे. खोली क्रमांक दोन, पत्र्याची, निवासी. भोगवटादार उमाबाई गुंडप्पा बिडवे.’

मी तीनदा वाचलं. मी चौथी शिकलेला माणूस, वाटलं आपलंच चुकलं असेल. मग बांधावरून शेजारच्या भुजंगला हाक मारली. त्यानं वाचलं. एरवी त्याचं तोंड म्हणजे पिठाची गिरणी, पण त्यानंही ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाला, “काका, काकूंचं नाव हाय की वो ह्याच्यात.”

खोली क्रमांक दोन म्हणजे तुझ्या बहिणीची समाधी, वैजनाथा.

श्रावणात तू तापानं पडला होतास, तुला येता आलं नाही, म्हणून तुला ही जागा माहीत नाही. बेलाच्या झाडाखाली आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तिला मातीत बसवलं. तिनंच जागा दाखवून ठेवली होती. त्यानंतर आठ दिवस पाऊस थांबेना. ओल्या मातीवर पाणी पडताना मला बघवेना. तिला दमा होता, ओल चालायची नाही. म्हणून मी वर पत्रे टाकले. पत्र्याखालून वारा शिरतो म्हणून भिंती घातल्या. भिंती झाल्या म्हणून दार बसवलं, दार झालं म्हणून आत दिवा घेतला. एक खिडकीही ठेवली. आता बाहेरून बघणाऱ्याला ती खोलीच दिसते. यात माझी चूक झाली का, हे मला अजून कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. मोजणीवाले आले ते अठरा डिसेंबरला, असं कागदावर आहे. अठरा डिसेंबरला मी शिरूर अनंतपाळला होतो, चुलत्याच्या नातीच्या लग्नाला. तीन दिवस. घराला कुलूप, खोलीला कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. मग तिचं नाव सांगितलं कोणी? आणि परत आलो तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर बेलाची पाच पानं ओळीनं ठेवलेली होती. तेव्हा मी वाऱ्यानं आली असतील म्हणालो. वारा ओळीनं ठेवतो का?

दुसरी काळजी त्याहून मोठी. भिंतीवर आणखी एक ठराव लावलाय. हद्दवाढीनंतर खासगी जागेत केलेलं दफन मान्य नाही, ते समाजाच्या स्मशानभूमीत हलवायचं. उमा हद्दवाढीनंतर गेली. मी तिच्या मयताची नोंदसुद्धा केलेली नाही. त्या दिवसांत कोण जाणार होतं कचेरीत? आता मी जाऊन सांगितलं की ही खोली नाही, समाधी आहे, तर ते कुदळी घेऊन येतील. न सांगावं तर ती कागदावर जिवंत राहते. हरकतीची सुनावणी चार मार्चला आहे. तू सारा जन्म कर खात्यात काढलास. काय करू ते सविस्तर लिही. मला झोप नाही, जेवण जात नाही.

गुंडप्पा

*

नांदेड
२० जानेवारी २०२५

ती. दाजींना वैजनाथचे शरणु.

पत्र पोचले. वाचून मन लावून विचार केला.

तुम्ही हरकत घेऊ नका. सुनावणीला जाऊ नका. ज्याने हरकत घेतली नाही त्याची आकारणी आपोआप कायम होते, त्याच्या दारात पुन्हा कोणी येत नाही. आलेले बिल भरा आणि पावती जपून ठेवा. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. दप्तरात जे नाव जिवंत आहे त्याची जागा कोणी हलवत नाही.

नावाचे म्हणाल तर यात नवल नाही. मोजणीचे काम ठेकेदाराची पोरे करतात. घराला कुलूप दिसले की ती मतदार यादी उघडतात आणि घरातली नावे खोल्यांना वाटून टाकतात. अक्काचे नाव यादीत अजून असणार. तेच उचलले. बेलाच्या पानांचे मनावर घेऊ नका.

एक विनंती. कचेरीत जाऊन मोजणीचा तक्ता वगैरे मागू नका. आपण होऊन विचारणाऱ्याकडे त्यांचे लक्ष जाते.

दूध घेत जा. शिवकन्येला मी काही कळवलेले नाही.

आपला,
वैजनाथ

*

आलूरगी
३ फेब्रुवारी २०२५

वैजनाथा,

तू नको म्हणालास आणि मी गेलो. रागावू नको. तुझं पत्र वाचून चार दिवस बरा होतो. मग मनात आलं, मतदार यादीत शिवकन्येचंही नाव अजून आहे. तिचं का नाही उचललं? हा किडा डोक्यात शिरला तो निघेना.

तिथं खिडकीत अमरनाथ नावाचा कारकून आहे. मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाला, “काय पाहिजे, आजोबा?”

म्हणालो, “आमच्या घराच्या मोजणीचा तक्ता.”

“कशाला? हरकत घ्यायची का?”

“हरकत न्हाई. नुसता बघायचाय.”

“सिनेमा हाय का बघायला?” असं म्हणून हसला. मागची माणसंही हसली. पण अर्ज घेतला. तीन चकरा झाल्यावर परवा तक्त्याची नक्कल हातात पडली.

वैजनाथा, खाली छापलंय, ‘माहिती देणाऱ्याची सही’. आणि त्यापुढं उमाची सही आहे.

कानडी अक्षरात. तुमच्या देगलूरकडच्या गावात ती दोन यत्ता कानडी शाळेत गेली, तेवढंच तिचं शिक्षण. पन्नास वर्षं इथं राहिली पण मराठीत सही करायला शिकली नाही. बँकेत, रेशनवर, शिवकन्येच्या शाळेत, सगळीकडं तीच दोन गोल अक्षरं. दुसरं अक्षर काढून झालं की पेन उचलायची नाही, तशीच खाली ओढायची. शेळीची दोरी सुटल्यासारखी एक रेघ. ती रेघसुद्धा आहे. आमच्या आख्ख्या आलूरगीत कानडीत सही करणारं दुसरं माणूस नाही.

अमरनाथला विचारलं, मोजायला कोण आलं होतं? म्हणाला, “ती पोरं गेली आता दुसऱ्या तालुक्याला. का, सही तुमची न्हाई का?” मी म्हणालो, “आमचीच हाय.” आणि घाम पुसत बाहेर आलो.

आता तुला खरं सांगतो, आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं. मला खोकला ऐकू येतो. दुपारी, जेवण झाल्यावर, ऊन पत्र्यावर आलं की. आधी दोन बारके खोकले आणि मग एक मोठा, दम लागल्यावर ती काढायची तसा. भुजंगची म्हैस हंबरलेली मला ऐकू येत नाही, वैजनाथा. डॉक्टर म्हणाला उजवा कान गेला आणि डावा जायला लागला. पण हा खोकला ऐकू येतो. कुलूप काढून आत जातो तर काही नाही. समाधीवर ऊन पडलेलं असतं खिडकीतून, चौकोनी.

तिथं ती राहते आहे का? कोणी मोजायला आलं म्हणून तिनंच बाहेर येऊन नाव सांगितलं का? हसू नको. मला हे विचारायला दुसरं कोणी नाही.

गुंडप्पा

*

नांदेड
१० फेब्रुवारी २०२५

ती. दाजींना शरणु.

नक्कल आणायला नको होती. असो.

सहीविषयी मी काय लिहू. तुम्ही पन्नास वर्षे ती सही पाहिलीत, तुम्हाला ती अक्काची वाटते तर तशीच धरा. सगळ्या गोष्टींचा छडा लावायला आपण काही पोलीस नाही. मी तर एवढेच म्हणेन की सही तिची असेल तर तिची इच्छाही तीच असेल. तिला तिथेच राहायचे आहे. मग आपण मध्ये बोलणारे कोण?

चार मार्चला घरीच राहा. नक्कल कोणाला दाखवू नका, भुजंगलाही नाही.

वैजनाथ

*

आलूरगी
१९ फेब्रुवारी २०२५

वैजनाथा,

तुझं पत्र लहान होतं पण मी ते वीस वेळा वाचलं. तू शिकलेला, कचेरीतला माणूस. तू हसशील असं वाटलं होतं. तूच म्हणालास की सही तिची धरा, म्हणजे तुलाही ते खरं वाटतं. मग मला आणखी भीती वाटायला लागली.

आधी मला बरंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. खोकला आला की मी दाराशी जाऊन बसायचो. सुपारी कातरायचो. शेंगा किती आल्या, भुजंगच्या म्हशीनं कसा आमचा हरभरा खाल्ला, शिवकन्येचा फोन आला, असं सांगायचो. पण तुझं पत्र आल्यावर विचार आला की ती इथं आहे याचा अर्थ ती अजून गेलीच नाही. सहा महिने झाले. त्या पत्र्याखाली, उन्हात, बसून आहे. दम्याचं माणूस.

श्रीशैल अय्यांकडं गेलो. त्यांनीच तिचा विधी केला होता. त्यांना कागदाचं सांगितलं नाही, खोकल्याचं सांगितलं. ते जपाची माळ खाली ठेवून म्हणाले, “गुंडप्पा, आपल्यात भूत न्हाई. माणूस लिंगात मिळालं की मिळालं. पाण्यात मीठ टाकलं, आता कुठलं मीठ शोधतोस?”

म्हणालो, “अय्या, पण ऐकू येतं.”

“मग मिळताना काही राहिलं असंल.”

“काय राहिलं असंल?”

त्यांनी माळ पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, “माहेरची विभूती.”

त्या दिवशी तिला आत बसवल्यावर, माती लोटायच्या आधी, माहेरच्या माणसानं विभूती आणि बेल वाहायचा असतो. सगळे थांबले होते. अय्यांनी दोनदा विचारलं, “माहेरचं कोण हाय?” तू तापात होतास. शेवटी तुझ्या नावाची मूठ मीच टाकली. ती चालली नाही, वैजनाथा. तिनं ओळखलं.

तर आता माझं ठरलं आहे. चार मार्चला मी सुनावणीला जातो आणि सांगतो की बाई मयत आहे, ही समाधी आहे, ठरावाप्रमाणं हलवा. तिला उघडतील तेव्हा तू ये. स्मशानभूमीत पुन्हा बसवू, तुझ्या हातची विभूती वाहू, म्हणजे ती सुटेल. तिला बेलाखालीच राहायचं होतं हे मला माहीत आहे. पण तिच्या आवडीपेक्षा तिची सुटका मोठी. अय्या तयार आहेत. कुदळीला माणसं भुजंग बघतो म्हणाला.

तुझं बरं असेल त्या तारखा कळव.

गुंडप्पा

*

नांदेड
२५ फेब्रुवारी २०२५
(जलद टपालाने)

दाजी,

हे पत्र मिळताच वाचा. दुसरे काही करू नका.

सही मी केली आहे.

अठरा डिसेंबरला मी आलूरगीला आलो होतो. तुम्ही लग्नाला गेलात हे शिवकन्येकडून कळले होते, म्हणूनच आलो. तुमच्यासमोर यायचे तोंड नव्हते. घराला कुलूप होते ते मला हवेच होते. बेलाची पाने खिडकीत मीच ठेवली. आत पाहिले नाही. खिडकीकडे पाठ करून ठेवली.

तेवढ्यात मोजणीची पोरे आली. त्यातल्या एकाने टेप लावत मला विचारले, “काका, या खोलीत कोण राहतं?” दाजी, हा प्रश्न मी चाळीस वर्षे लोकांना विचारला. मला तो कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, उमाबाई. तो लिहू लागला. त्याच क्षणी मला ठराव आठवला. वर्तमानपत्राच्या लातूर पुरवणीत मी तो वाचला होता. मनात आले, लिहू दे. पोरगा म्हणाला, “त्यांची सही लागेल.” मी म्हणालो, “झोपली आहे, मी आणून देतो.” कागद घेऊन खोलीच्या मागे गेलो. ती आणि मी एकाच पाटीवर ती अक्षरे गिरवली होती. मला ती रेघ येते. माझ्या हातून ती अशी सहज आली की माझाच हात मला परका वाटला.

आता श्रावणाचे. मला ताप नव्हता. नांदेडच्या बसस्टँडवर जाऊन दोन गाड्या सोडल्या आणि घरी परत आलो.

कारण हे आहे. सव्वीस वर्षांपूर्वी एका गावात मी नोकरीला होतो. रस्त्याचा ठराव झाला आणि रस्त्यात आपल्या समाजाच्या अकरा समाध्या आल्या. हलवायच्या वेळी पंचनाम्याला मला पाठवले, म्हणे तुम्ही त्यांच्यातलेच आहात, लोक ऐकतील. पहिल्या दोन जुन्या होत्या, त्यांत काही नव्हते. तिसरी वर्षाच्या आतली होती. आत एक म्हातारी होती. मांडी घालून बसलेली, हाताचे तळवे मांडीवर. मातीने तिला चारी बाजूंनी धरले होते आणि ती तशी राहिली होती. कुदळवाल्यांनी बाजूची माती काढली. मग दोघांनी तिच्या काखेत हात घातले.

बसलेल्या माणसाला बसल्या जागेवरून उठवता येत नाही, दाजी. एवढेच लिहितो. तिचा मुलगा तिथे उभा होता. मी पंचनाम्यात लिहिले, ‘सुस्थितीत हलविण्यात आले.’ खाली सही केली. तेव्हापासून मी एकाही मातीला गेलो नाही. वडिलांच्याही नाही. लोकांना ताप, पोटदुखी, साहेबांची भेट, काहीही सांगितले. आणि अक्काच्या वेळीही तेच.

तिला उघडू नका. ती फिरत नाही. तिला काही कमी पडलेले नाही. कमी पडले ते माझ्याकडून तुम्हाला. मागच्या पत्रात मी लिहिले की सही तिचीच धरा, ते तुम्ही गप्प राहावे म्हणून लिहिले. तुमच्या भीतीचा मी उपयोग करून घेतला. आता तीच भीती तिला बाहेर काढायला निघाली आहे.

खोटी सही केली हे कचेरीत सांगायचे असेल तर सांगा. माझे निवृत्तिवेतन जाईल, कदाचित आणखीही काही होईल. जाऊ दे. पण सांगितलेत तरी ते खोदणारच. म्हणून म्हणतो, घरीच राहा.

वैजनाथ

*

आलूरगी
७ मार्च २०२५

वैजनाथा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उत्तर लगेच लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं, आणि जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

पत्र वाचलं त्या दुपारी मी खोलीच्या दाराशी बसलो. ऊन पत्र्यावर आलं. गेलं. खोकला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तू सही तुझी म्हणालास आणि त्याबरोबर ती गेली. मला वाटलं होतं, भीती गेली की बरं वाटेल. तसं झालं नाही. आता मला काहीच ऐकू येत नाही. श्रावणात तिला मातीत बसवलं तेव्हा मी रडलो नव्हतो. लोक होते, अय्या होते, पाऊस होता. परवा रडलो. भुजंगची बायको केवळाबाई कालवण घेऊन आली होती, ती वाटी उंबऱ्यावर ठेवून तशीच परत गेली.

तुझा राग आला होता. अजून आहे थोडा. पण त्या म्हातारीचा मुलगा डोळ्यांपुढून जात नाही. तो तिथं उभा होता असं तू लिहिलंस, त्यापुढं काही लिहिलं नाहीस. त्या जागी मी स्वतःला बघून राहिलोय.

घरी राहा म्हणालास, तरी मला जावं लागलं. सोमवारी शिपाई आला आणि सांगून गेला की ज्यांच्या घरात दोन भोगवटादार आहेत त्यांनी सुनावणीला यायचंच, नव्या हद्दीतल्या खोल्यांची खातरजमा चालू आहे. तुझा नियम जुन्या कचेरीतला होता.

गेलो. मोठी रांग होती. भुजंग माझ्या मागं उभा होता, त्याच्या म्हशीचा गोठा ‘निवासी’ धरलाय म्हणून. रांगेत सगळ्यांना सांगत होता, “म्हैस राहती त्याच्यात, मग निवासीच झालं की! उद्या तिला रेशन कार्ड द्या म्हणावं.” लोक हसत होते.

टेबलावर एक बाई होत्या, तरुण, डोळ्याला चष्मा. सकाळपासून बोलून त्यांचा आवाज बसला होता. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्या ओरडून विचारायला लागल्या, त्यामुळं सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

“खोली क्रमांक दोन. उमाबाई. तुमच्या कोण?”

“बायको.”

“वेगळ्या खोलीत राहतात?”

“हाव.”

“कशा काय?”

मी टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यात मागून भुजंग मोठ्यानं म्हणाला, “घरोघरी तसंच हाय, मॅडम, म्हाताऱ्याचं घोरणं लई मोठं असतंय.” त्याही हसल्या. मग तक्त्याकडं बघून म्हणाल्या, “ही सही त्यांचीच आहे ना?”

इथं थांबलो, वैजनाथा. खरं सांगितलं तर तू अडकतोस आणि तिला काढतात. खोटं सांगितलं तर उमा मेलीच नाही असं होतं. पुढं तिचं पुण्यस्मरण करता येणार नाही, पत्रिका छापता येणार नाही, फोटोला हार घालता येणार नाही. अय्यांना जेवायला बोलावलं तरी कशासाठी म्हणून सांगू? नवऱ्यानं बायकोला एवढंही करू नये?

म्हणालो, “तिचीच हाय.”

“मग त्यांना आणलं का नाही? समोर यायला पाहिजे.”

“तिला उठता येत न्हाई. बसूनच असती.”

हे माझ्या तोंडातून कसं आलं ते शंकराला माहीत. तुझ्याच पत्रातलं होतं ते.

“किती दिवसांपासून?”

“श्रावणापासून.”

“दवाखाना?”

“न्हाई. आता दवाखान्याचं काही राहिलं न्हाई.”

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं झालं, कळलं यांना. त्यांनी भुजंगला विचारलं, “तुम्ही शेजारी ना? बघितलंय का यांना एवढ्यात?”

भुजंगनं तिला खांदा दिला आहे, वैजनाथा. खड्डा त्यानं खोदला आहे. मी मागं वळून बघितलं नाही.

तो म्हणाला, “काकू का? परवा ताक दिलं की मला खिडकीतून. लई आंबट होतं.”

बाईंनी लिहून घेतलं. नोंद कायम. पुढचा.

बाहेर आल्यावर मी त्याचा दंड धरला. म्हणालो, “भुजंगा, ताक कशाला रे म्हणालास?” म्हणाला, “काका, बाईंनी मलाच इचारलं. तोंडात आलं ते बोललो.” मग चार पावलं जाऊन थांबला आणि म्हणाला, “पर आंबटच असायचं काकूंचं ताक.” त्याच्या तोंडाकडं बघून मला काही कळलं नाही. तो हसत नव्हता.

तेव्हापासून असं झालंय की आमच्या वाटेला जो भेटतो तो मोठ्यानं विचारतो, “काकू बऱ्या हायत का?” रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि त्यातल्या निम्म्यांनी तिला माती दिली आहे. पण कोणी बोलत नाही. उलट सांभाळून घेतात. केवळाबाई काल दोन माणसांचं कालवण देऊन गेली. मी म्हणालो एवढं कशाला, तर म्हणाली, “असू द्या, कोणी बघितलं तर.” वाटी कोणाची म्हणून मी खाऊ? ती तशीच झाकून ठेवली आहे.

मी आता तिला जिवंत ठेवायला बसलो आहे, वैजनाथा. आणि मला पक्कं माहीत आहे की ती नाही. भुतासारखं काही असतं तर बरं झालं असतं, दोघांनी मिळून ओढलं असतं. हे एकट्यानं ओढायचं आहे.

एक काम राहिलं आहे. बाईंनी एक फॉर्म दिला. भोगवटादार आजारी आहेत, येऊ शकत नाहीत, असं भोगवटादारानं स्वतः लिहून द्यायचं. पंधरा दिवसांत परत द्यायचा, नाहीतर त्या घरी येऊन बघतील. वर्षातून एकदा तो द्यावा लागेल.

मी तिची सही करायला बसलो होतो. दुपारभर जुन्या वहीत गिरवली. अक्षरं जमतात, ती रेघ जमत नाही. पन्नास वर्षं बघितली आणि जमत नाही. ती तुलाच येते.

फॉर्म मी टपालानं पाठवणार नाही. तू ये. विभूती माहेरची आण, देगलूरची. या वेळी खिडकीकडं पाठ करायची नाही. मी दार उघडून देतो, आत चटई टाकतो. तिथं काही उघडायचं नाही, कोणाला उठवायचं नाही. तिच्यासमोर मांडी घालून बस आणि सही कर. कुठं करायची ते बाईंनी पेन्सिलनं फुली मारून दाखवलं आहे.

गुंडप्पा